पाण्यात घातलेली पिशवी

रविवार, ११ जानेवारी २०२६. सकाळी गारठा, नऊनंतर लख्ख ऊन. वर्गाला सातही मुलं हजर. नेत्राने हळदीकुंकवाच्या पिशव्यांची ऑर्डर दिली : एकशे वीस नग, शुक्रवारी तेवीस तारखेला दुपारपर्यंत. मृणालीचा बाप हरेश येऊन बोलून गेला. वालाच्या शेंगा चांगल्या निघाल्या.

'येऊन बोलून गेला' या तीन शब्दांमागे चांगला पाऊण तास होता. पण चंद्रा तरे यांच्या रोजनिशीत पाऊण तासाच्या वाट्याला तीनच शब्द येतात. पाचवीत असताना बोर्डिंगच्या शाळेत लागलेली ही सवय साठ वर्षांत मोडलेली नाही.

शेलार गावात त्यांना चंद्रा म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. लहानथोर सगळ्यांच्या त्या आक्का. नवरा अनंता गेल्यावर शहरातल्या धामणकर नाक्यावरचं कटपिसांचं दुकान त्यांनी एकटीच्या बळावर पंचवीस वर्षं चालवलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गाळा एका मोबाइलवाल्याला भाड्याने दिला आणि त्या घरी बसल्या. बसल्या म्हणजे तीन महिने. चौथ्या महिन्यात त्यांनी गल्लीतल्या पोरांना ओटीवर बोलावलं आणि दर रविवारी सकाळी त्यांना धंदा शिकवायला सुरुवात केली.

पहिला धडा मात्र ओटीवर झालाच नाही. सातही जणांना शेअर रिक्षांत कोंबून त्यांनी धामणकर नाक्यावर नेलं, जुन्या ओळखीच्या एका भांडीवाल्याच्या दुकानासमोर तासभर उभं केलं आणि सांगितलं, "लोक काय घेतात ते लिहू नका. काय उचलतात आणि परत ठेवून देतात, ते लिहा."

"ठेवून दिलेलं लिहून काय मिळणार?" भाविकने विचारलं. तेरा वर्षांचा हा मुलगा प्रश्न विचारायला कधी थांबत नसे.

"घेतलं त्याचं कारण गिऱ्हाईक सांगत नाही. ठेवून दिलं त्याचं कारण त्याच्या तोंडावर असतं. बघ."

पोरांनी बघितलं. एका बाईने चहाची गाळणी तीनदा उचलली आणि तीनदा ठेवली, कारण गाळणीचा दांडा तिच्या पातेल्यावर टेकणार नव्हता. ही गोष्ट त्या दिवशी मृणालीने लिहून आणली होती. दांडा किती बोटं लांब हवा होता, तेही लिहिलं होतं. आक्कांनी तिच्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं.

दुसरा नियम कडक होता. जे विकायचं ते आधी आठ दिवस आपण वापरायचं. पोरांनी उदबत्तीची घरं केली तेव्हा आठ दिवस सात घरांतल्या देव्हाऱ्यांत ती उभी राहिली, आणि त्यातली चार पेटली. चिक्कीचे डबे केले तेव्हा आठव्या दिवशी चिक्की दगड झाली. दोन्ही वेळा माल बाजारात गेलाच नाही. मुलं हिरमुसली, आक्का मात्र खूश होत्या. त्यांच्या हिशेबी वर्गाची ही दोन वर्षं फार चांगली गेली होती.

हरेशच्या हिशेबी तसं नव्हतं. तो दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. लोकांनी ऑनलाइन मागवलेला आणि पसंत न पडून परत पाठवलेला माल त्याच्या विभागात येतो. त्या रविवारी नाइट ड्युटी करून तो थेट ओटीवर आला, पायऱ्यांवर बसला आणि पाणीही न पिता म्हणाला, "आक्का, रागवू नका. पोरगी आठवीत हाय. रविवारचा गणिताचा क्लास सुटतो तिचा."

"ती गणितात कच्ची आहे का?"

"कच्ची न्हाय. पण बाकीची पोरं पुढं जातान ना. तुम्ही दोन वर्षं शिकवताव. एक तरी काम पोरांनी पुरं करून दाखवलंय का? विकलं काय, सांगा."

 विकलं काहीच नव्हतं.

नेमकी त्याच सकाळी नेत्राची ऑर्डर आली होती. नेत्राच्या सासऱ्यांनी आपल्या जमिनीवर गोडाऊनं बांधली, घरात पैसा आला, त्यामुळे तिच्याकडचं हळदीकुंकू म्हणजे सगळ्या गावाचं. यंदा तिने वाण म्हणून स्टीलचा डबा ठरवला होता, आणि डबा ज्यात द्यायचा ती कापडी पिशवी तिने पोरांकडून मागितली होती.

"ही ऑर्डर नीट जाऊ दे," हरेश उठता उठता म्हणाला. "गेली तर मी परत तोंड उघडणार न्हाय. न्हाय गेली तर त्याच्या पुढल्या रविवारपासून मृणाली क्लासला."

"ठरलं," आक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती. पण त्यांना हेही ठाऊक होतं, की मृणाली गेली तर बाकीचे सहाजण होळीपर्यंत एकेक करून गळतील आणि ओटी पुन्हा रिकामी होईल.

कापड गल्लीच्या तोंडाशी असलेल्या प्रितेशच्या शेडमधून आलं. बारा लूमची शेड. ठाण बांधताना उरलेले मोठे तुकडे प्रितेशने काढून ठेवले होते. भाविकने एक तुकडा दोन्ही हातांनी ताणला, अंगठ्याखाली चोळला, कानाजवळ नेऊन फडफडवला. प्रितेशचाच पुतण्या तो, त्याच्या हाताला कापड कळायचं.

"एक नंबर, आक्का. पुठ्ठ्यासारखं कडक हाय. पिशवी उभी राहील नुसती."

आक्कांनीही हात लावून बघितला आणि मान डोलावली. मग कोणी न विचारता त्याच म्हणाल्या, "आठ दिवस वापरायला वेळ नाही. यावेळी सोडून देऊ."

मृणालीने मान वर करून आक्कांकडे बघितलं.

पुढचे दहा दिवस ओटीवर नुसती लगबग. डब्याचं माप घेऊन पुठ्ठ्याचा साचा केला. मुलगे त्यावरून कापड कापायचे. मृणाली आणि वर्गातलीच करिष्मा आळीपाळीने आक्कांच्या मशीनवर बसायच्या, अवघड कोपरे आक्का स्वतः मारायच्या. भेंडी आडवी कापून तिच्या ठशाने प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्यात लाल फूल उमटवायचं काम धाकट्यांकडे होतं. पहिल्याच दिवशी एका पिशवीवर फूल चुकून तळाशी उमटलं. ती बाजूला टाकली, आणि मृणालीची आजी गुणाबाई तीच उचलून घरी घेऊन गेली.

बुधवारी दुपारी एकशे वीस पिशव्या घड्या होऊन वीस-वीसच्या गठ्ठ्यांत रचल्या होत्या. शाळा सुटून मुलं नुकतीच जमली होती. तेवढ्यात गुणाबाई ओटीवर चढली, हात कमरेवर ठेवले आणि आक्कांच्या मांडीवर काहीतरी टाकलं.

"आक्का, ही तुझी पिशवी का माझ्या पणतवाची टोपी? घालून बघू का त्याला?"

मऊ, सुरकुतलेलं, एका बाजूला वाकडं झालेलं ते फडकं आक्कांनी उलगडलं. तळाशी लाल फूल होतं.

"काय केलंत हिला?"

"काय करनार? वाल आणले बाजारातून. माती लागली, नळाखाली धरली, जरा चोळली. आंदी पानी पांढरं निंगालं, मंग पिशवी आशी निंगाली."

आक्कांनी पुठ्ठ्याचा साचा मागवून वर ठेवला. पिशवी दोन बोटं आटली होती. शिवणीचा दोरा आटला नव्हता, म्हणून कड चुण्यांनी गोळा झाली होती. करिष्माने स्टीलचा डबा आणून आत घालून पाहिला. डबा अर्ध्यात अडकला.

करिष्माने तो ओढून बाहेर काढला.

चूक कुठे झाली ते आक्कांना तेवढ्या क्षणात उमगलं. लूमवर चढण्याआधी सुताला खळ पाजतात, ते तुटू नये म्हणून. कापडाचा सगळा कडकपणा त्या खळीचा. प्रितेशच्या शेडमधलं कापड ठाण बांधून बाहेरगावी जातं, धुणं-रंगवणं सगळं तिकडे. पोरांनी जन्मापासून पाहिलं ते खळीतलं, कडक कापड. त्यांच्या हाताला तोच चांगला माल. आणि आक्कांनी पंचवीस वर्षं विकलं ते धुऊन, रंगून, आटून आलेलं कापड. खळीतला तुकडा त्यांच्या दुकानाच्या पायरीवर कधी आलाच नव्हता. कापडाचं अर्धं आयुष्य पोरांना ठाऊक, उरलेलं अर्धं त्यांना. मधला पाण्याचा टप्पा दोघांनाही नाही.

"परवाच द्यायच्यात," करिष्मा पुटपुटली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"द्यायच्यात तर देऊ ना," भाविक म्हणाला. "शुक्रवारी कोन धुनार हाय? नव्या पिशव्या हायेत, कडक हायेत, फूल हाय. बाया घरी नेतील, कपाटात ठेवतील. धुतील तेव्हा धुतील."

"माझ्या आईला पण बोलावलंय तिथं," करिष्मा म्हणाली.

"मंग तुझ्या आईला सांग, धुवू नको."

"आणि तुझ्या तीन आत्यांना कोण सांगणार? अन् प्रितेशकाकांच्या बायकोला? गावातल्याच बायका आहेत सगळ्या, भाविक. कोणाच्या घरी जाऊन तोंड लपवशील?"

 भाविकने आक्कांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

आक्कांच्या डोळ्यांपुढे हरेशचा चेहरा होता. भाविकचं ऐकलं तर शुक्रवारी ऑर्डर बिनबोभाट जाईल, हरेश तोंड उघडणार नाही, आणि रविवारी सातही जण ओटीवर असतील. पिशव्या धुतल्या जातील तेव्हाचं तेव्हा. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या म्हणाल्या, "पहिली चूक माझी. आठ दिवसांचा नियम मी सोडला, तुम्ही नाही. का सोडला ते मला माहीत आहे. मला ही ऑर्डर लोकांना दाखवायची होती. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. धंदा तुमचा आहे."

मृणाली इतका वेळ आटलेली पिशवी बोटांनी ताणून बघत होती. ती ताणली जात नव्हती.

"कापड आधी धुतलं, वाळवलं आणि मग कापलं तर पुन्हा आटंल?" तिने विचारलं.

"फारसं नाही."

"आज भिजवलं तर उद्या सकाळपर्यंत वाळंल. वारा हाय. उद्या दुपारपासून परवा सकाळपर्यंत किती होतील?"

"शाळा?"

"शाळा सुटल्यावर."

भाविक मनातल्या मनात गणित करत होता. "साठ. आईची मशीन पन आनली तर."

"साठ," मृणाली म्हणाली. "मंग नेत्राकाकीला साठ सांगायचे."

आक्कांनी फोन पुढे केला. मृणालीने मान हलवली. "फोनवर न्हाय. हातात द्यायला लागंल. न्हाय तर तिला वाटंल पोरं आळशी हायेत."

तिने एका हातात कडक पिशवी घेतली, दुसऱ्यात आटलेली, आणि भाविकला दंडाला धरून उठवलं. "चल. तू बोललास ना धुनार कोन, आता तूच सांग तिला."

आक्का त्यांच्याबरोबर गेल्या, पण फाटकापाशीच थांबल्या. तिथून ओसरीवरचं सगळं ऐकू येत होतं.

नेत्रा झोपाळ्यावर बसून बोलावण्यांची यादी करत होती. भाविकने दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं आणि शेवटी विनाकारण "सॉरी काकी" असं तीनदा म्हणाला.

"परवा कार्यक्रम आणि आज सांगताय?" नेत्राचा आवाज चढला. "मी बाजारातून आणल्या असत्या ना. तुम्हीच पोरं म्हणालात करतो म्हणून!"

"आज दुपारीच कळलं, काकी," मृणाली म्हणाली. "आजीने धुतली म्हणून कळलं. न्हाय तर तुमच्या पाहुण्यांनी धुतल्यावर कळलं असतं."

"आणि मी म्हटलं, असू दे, याच द्या, तर?"

"तर देऊ. तुमची ऑर्डर हाय. पण मी दारात उभी राहनार आनि प्रत्येकीला सांगनार, पिशवी धुवू नका, आटते."

"माझ्या हळदीकुंकवाला? माझ्याच दारात उभं राहून?"

"हो."

नेत्राने पाय टेकवून झोपाळा थांबवला. आटलेली पिशवी उचलून तिने बोटाभोवती गुंडाळली आणि एकदम तिला हसू फुटलं. "गुणाबाईंनी धुतली होय! वाचवलं म्हातारीने. बरं, मग काय करायचं म्हणतेस?"

"शुक्रवारी साठ देतो, धुतलेल्या कापडाच्या. बाकी साठ जनींना नुसता डबा द्या. त्यांची नावं आम्ही लिहून घेतो, मंगळवारपर्यंत पिशवी घरी नेऊन देतो. एकेकीच्या दारात."

"आणि साठ आधी कोणाला, साठ मागून कोणाला? गावात भांडणं लावशील माझ्या."

मृणालीने याचाही विचार केलेला दिसत होता. "आमच्या सात घरच्या आनि भावकीतल्या सगळ्या मागं. बाहेरच्या आधी."

"तुझी आई?"

"आई पन मागं."

नेत्राने यादी तिच्या पुढ्यात सरकवली आणि पेनही दिलं. "घे. तूच खुणा कर. आणि मला साठ म्हणजे साठ हवेत हं, अठ्ठावन्न नाही."

त्या संध्याकाळी आक्कांच्या परसात प्रितेशकडचं कोरं कापड दोन घमेल्यांत भिजलं. पाणी तीनदा बदललं, तीनदा पांढरं निघालं. दोऱ्या ओटीपासून विहिरीपर्यंत बांधल्या. गुरुवारी करिष्माने कापडाला इस्त्री केली, भाविकच्या आईची मशीन रिक्षातून आली, आणि आक्कांनी वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून असलेला चष्मा डोळ्यांवर चढवून अंधार पडेपर्यंत शिवण मारली. शुक्रवारी सकाळी शाळेत जाण्याआधी मुलांनी मोजल्या. एकसष्ट होत्या. एक जास्तीची मृणालीने पाण्यात घातली, पिळली, उन्हात टाकली. दुपारी शाळा सुटून आल्यावर त्यात डबा घालून पाहिला. डबा बसला.

पिशव्या पोचवायला मुलंच गेली. नवरा गेल्यापासून आक्का हळदीकुंकवाला जात नाहीत. नेत्राने 'या हो, आता कोण मानतंय' असं दोनदा म्हटलं होतं, तरी त्या घरीच राहिल्या आणि मशीनमधला धुरळा पुसत बसल्या.

पाच वाजता हरेश आला. हातात स्टीलचा डबा, उघडाच.

"आक्का, आमच्या घरी नुसता डबा आला. माझ्या बायकोला, रीमाला, शेजारची विचारते, तुला पिशवी नाय मिलाली? पोरगी स्वतः पिशव्या करते आनि आईला नुसता डबा!"

"बस."

"बसतो. पन ऑर्डर नीट गेली का, ते सांगा."

"नाही गेली," आक्का म्हणाल्या. "अर्धी गेली. आणि चूक पोरांची नव्हती, माझी होती. वापरून बघायचा नियम मी सोडला. तू म्हणाला होतास नीट गेली तर. तर ती नीट गेलेली नाही. मी शब्द फिरवणार नाही."

हरेशने डबा गुडघ्यावर ठेवला. त्याने बुधवारचं सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाविकमुळे गावात काही लपून राहात नाही.

"तिनं नेत्राला सांगितलं, दारात उभी राहीन म्हनून?"

"सांगितलं."

"खरंच उभी राहिली असती?"

"तुझी मुलगी आहे. तुला जास्त माहीत."

तो थोडा हसला, मग हसू आवरलं. "आमच्याकडं रोज तीन-चारशे पार्सलं परत येतान. फाटलेली, आटलेली, रंग गेलेली. मी खोके उघडतो, फोटो काढतो, शिक्का मारतो. दहा वर्षं झाली. पाठवनारा एकपन आधी सांगत न्हाय, की बाबा माल असा हाय. एकपन न्हाय." तो थांबला. "मी घरी जाऊन कधी बोललो न्हाय तिला हे. तिला कुठून सुचलं?"

 ते आक्कांनाही ठाऊक नव्हतं.

"बाकीच्या साठ कधी?"

"मंगळवारपर्यंत. रविवारी शिवायला बसतील."

"रविवारी." हरेशने मान खाली घालून डब्याचं झाकण बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. "क्लासवाल्या सरांची शनिवारी पन बॅच हाय, संध्याकाळची. विचारून ठेवतो." तो उठला. पायरी उतरून परत वळला. "मंगळवारी माझी नाइट ड्युटी हाय. दुपारी शाळा सुटंल तवा मोकळा हाय. साठ घरं हायेत, काही पार खाडीकडं. स्कूटरवर फिरवतो पोरांना. पन त्यांनी नावं घरांप्रमानं लावून ठेवा म्हनावं, उगाच गावभर वेड्यासारखं फिरायचं न्हाय."

"सांगते."

"आनि आमच्या घरची शेवटची ठेवा. मृणालीला आवडंल."

तो गेला. थोड्या वेळाने मुलं परत आली, सगळी एकदम बोलत. कोणी पिशवीचं फूल बघून भेंडीचंच का म्हणून विचारलं, कोणी आत हात घालून शिवण चाचपली, भाविकच्या एका आत्याने नुसत्या डब्यावरून त्याचा कान धरला. मृणालीने यादी उघडली आणि तिच्यावरच घरांचे क्रमांक टाकायला घेतले, खाडीकडून सुरुवात करून. रविवारी कोण किती वाजता येणार, यावर करिष्मा आणि भाविकची जुंपली. आक्कांनी कोणालाच थांबवलं नाही.

दिवेलागण झाली, मुलं पांगली. आक्कांनी वही उघडली.

शुक्रवार, २३ जानेवारी. पिशव्या साठ पोचल्या, साठ बाकी. हरेश आला होता. मृणाली रविवारी येणार. रात्रीसाठी मुगाची खिचडी टाकली. पापड संपले.